गुणवत्ता मंडळ आणि त्याचे शाखा-कार्य (ग्रामीण विदर्भ)

गुणवत्ता मंडळ म्हणजे एकाच विभागात, एकाच तऱ्हेचे काम करणाऱ्या कामगारांनी स्वखुशीने बांधलेला लहान गट. कारखान्यात त्याला 'क्वालिटी सर्कल' किंवा नुसते 'क्यूसी' म्हणतात. गटात साधारण 5 ते 12 सदस्य असतात. त्यांतला एक लीडर, एक डेप्युटी लीडर, आणि व्यवस्थापनाशी दुवा सांभाळणारा एक फॅसिलिटेटर. गट आठवड्यातून एकदा तासभर बसतो आणि आपल्याच कामातली एक अडचण निवडतो. मग ती मोजायची, तिचे मूळ शोधायचे, उपाय करून पाहायचा आणि टिकला तर तो कामाच्या नियमात घालायचा. अशा गटांना प्रशिक्षण देणे, त्यांची परस्परांशी गाठ घालणे आणि त्यांचे काम तपासून घेण्यासाठी व्यासपीठ देणे हे व्यावसायिक गुणवत्ता संघटनेच्या स्थानिक शाखेचे, म्हणजे चॅप्टरचे काम असते.

ही पद्धत जपानमध्ये 1962 साली काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने सुरू झाली. भारतात पहिली मंडळे 1980 साली भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कंपनीच्या हैदराबादजवळील रामचंद्रपुरम कारखान्यात निघाली आणि 1982 साली क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संघटना उभी राहिली. तिचे मुख्यालय हैदराबाद-सिकंदराबाद येथे असून शाखा देशभर आहेत. विदर्भाचे काम नागपूर शाखेभोवती फिरते.

विदर्भातील क्षेत्र

येथील मोठा उद्योग शहरात कमी आणि गावांच्या शिवारात जास्त आहे. वणी, बल्लारपूर, उमरेडच्या कोळसा खाणी, चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारसची औष्णिक वीज केंद्रे, गडचांदूर परिसरातले सिमेंट कारखाने, भंडारा जिल्ह्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी ही त्याची ठळक ठिकाणे. अशा ठिकाणी प्रशिक्षण विभाग असतो, बैठकीला खोली असते, कामाच्या वेळेतला तास मिळतो. त्यामुळे तिथे मंडळ चालवणे तुलनेने सोपे.

खरी कसोटी लागते ती लहान आणि मोसमी उद्योगात : यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोल्याकडची जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी दाबणे), अकोल्याच्या डाळ मिल, गोंदिया, भंडारा, मूल, सिंदेवाहीच्या राइस मिल, वरूड-मोर्शी-काटोलकडची संत्र्याची प्रतवारी. इथे माणसे दरवर्षी बदलतात, यंत्रे चार-सहा महिनेच चालतात आणि मालक स्वतःच मॅनेजर असतो. या नोंदीत पुढचा बहुतेक तपशील जिनिंगचा आहे. मंडळाची पद्धत तिथेच सर्वांत जास्त वाकवावी लागते, आणि तिचा उपयोगही तिथेच सर्वांत जास्त होतो.

शाखेचे वर्ष

शाखेचे सभासदत्व संस्थेला घेता येते, तसे व्यक्तीलाही. वर्षभरात सदस्यांसाठी एक दिवसाची ओळख-कार्यशाळा, लीडर आणि फॅसिलिटेटर यांचे दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण, 'फाइव्ह एस' (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत) आणि कायझेन (रोज थोडी थोडी सुधारणा) यांचे वर्ग, एकमेकांच्या कारखान्यांना भेटी असे उपक्रम चालतात. नोव्हेंबर हा गुणवत्ता महिना म्हणून पाळला जातो (जपानमध्ये ही प्रथा 1960 पासूनची). त्या महिन्यात घोषवाक्य, पोस्टर आणि प्रश्नमंजूषा यांच्या स्पर्धा होतात. वर्षाचा मोठा कार्यक्रम म्हणजे शाखेचे अधिवेशन. ते बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात भरते. प्रत्येक गट ठरलेल्या मिनिटांत आपली केस स्टडी मांडतो, परीक्षक प्रश्न विचारतात आणि निवडलेले गट डिसेंबरच्या सुमारास राष्ट्रीय अधिवेशनाला जातात. सादरीकरण मराठीत किंवा हिंदीत करावे. इंग्रजी स्लाइड पाठ करून आलेला फिटर पहिल्या उपप्रश्नालाच अडतो. तोच माणूस आपल्या भाषेत परीक्षकाला यंत्र उलगडून दाखवतो.

हे वेळापत्रक बारमाही कारखान्याला सोयीचे आहे. जिनिंगला मात्र नोव्हेंबर म्हणजे ऐन आवकेचा महिना. दसरा-दिवाळीला जिन सुरू होते, जानेवारीपर्यंत गेटवर गाड्यांची रांग असते, आणि फरदडीचा (मुख्य वेचण्यांनंतर त्याच झाडांना पुन्हा आलेला) कापूस संपला की यंत्रे थांबतात. म्हणून जिनिंगच्या मंडळाने नोव्हेंबर ते फेब्रुवारी फक्त मोजणी आणि चाचणी करावी, विश्लेषण उन्हाळ्यात मांडावे आणि पावसाळ्यात अधिवेशनाला जावे. उपाय टिकला की नाही हे पुढच्या मोसमाआधी कळत नाही. त्यामुळे एकाच मोसमाच्या आकड्यांवर 'कायमस्वरूपी अंमल' असे लिहिलेली केस कच्ची समजावी.

बारा पायऱ्या

संघटनेने शिकवलेला क्रम बारा पायऱ्यांचा आहे : समस्यांची यादी, निवड, व्याख्या, विश्लेषण, कारणांचा शोध, मूळ कारण, आकडेवारीची छाननी, उपाय, संभाव्य विरोधाचा विचार, चाचणी, नियमित अंमल आणि पाठपुरावा. समस्यांचे 'ए', 'बी', 'सी' असे तीन वर्ग करतात : गट स्वतः सोडवू शकेल त्या 'ए', दुसऱ्या विभागाची मदत लागेल त्या 'बी', आणि व्यवस्थापनाच्या निर्णयाशिवाय न सुटणाऱ्या 'सी'. नव्या मंडळाने पहिले वर्ष 'ए'च्या बाहेर जाऊ नये. मजुरी, बोनस, नवे यंत्र असे विषय पहिल्याच बैठकीत घेतले की गट युनियनची बैठक होऊन बसतो आणि तिसऱ्या आठवड्यात मोडतो.

उदाहरण : रुईतील प्लास्टिकचे धागे

कापूस जिनमधून काढला की रुई आणि सरकी वेगळी होते. 100 किलो कापसातून साधारण 33 ते 36 किलो रुई मिळते, म्हणजे 170 किलोच्या एका गाठीला जवळपास 5 क्विंटल कापूस लागतो. कापूस खताच्या ज्या गोणीत येतो तिचा प्लास्टिक धागा कापसात गेला, तर प्री-क्लीनरमध्ये (जिनच्या आधीच्या सफाई यंत्रात) त्याचे बारीक तुकडे होतात. मग ते हाताने निवडता येत नाहीत. सूतगिरणीतही ते सुटतात आणि थेट कापड रंगवल्यावर दिसतात, कारण कापसाचा रंग त्या धाग्याला चढत नाही.

मोजणी अशी करावी. गंजीपासून जिनकडे जाणाऱ्या वाटेवर निवडणाऱ्या बायांपाशी एक पुठ्ठा टांगावा आणि त्यावर पाच रकाने आखावेत. अक्षराऐवजी प्रत्येक रकान्यात त्या वस्तूचा तुकडाच डकवावा : धागा, चिंधी, केस, गुटख्याची पुडी, पक्ष्याचे पीस. सापडेल त्या वस्तूची एक उभी रेघ मारायची. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. पेन्सिल बांधायला सुती दोराच घ्यावा. नायलॉनची दोरी आठवड्यात झिजून आपलेच धागे रुईत सोडते.

समजा 10 दिवसांत 2,000 क्विंटल कापूस गेला आणि 200 वस्तू सापडल्या : गोणीचे धागे 92, चिंध्या व सुतळी 48, केस 26, गुटख्याच्या पुड्या 18, पिसे व इतर 16. पहिल्या दोन प्रकारांतच 70 टक्के भरले. हाच पॅरेटोचा मुद्दा (थोड्याच कारणांत बहुतेक दोष असतात) : काम या दोनवर करायचे, बाकीचे तूर्त सोडायचे. आकडा दिवसामागे मांडू नये. आवक एका दिवशी 100 क्विंटल, दुसऱ्या दिवशी 400 अशी हलते. दर 100 क्विंटलमागे मांडला तर तो 10 येतो, आणि उपायानंतर तुलना याच मापाने करता येते.

कारणे मांडायला माशाच्या काट्याची आकृती काढतात. मराठीत तिचे काटे सहज लक्षात राहतात : माणूस, मशीन, माल, मोजमाप आणि पद्धत. जिनिंगने त्यात सहावा काटा घालावा, मोसम. सकाळी दव असते, दुपारी कापूस कोरडा पडतो, आणि फेब्रुवारीनंतर कवडी (नीट न उमललेल्या बोंडातला डागी कापूस) वाढते. हे तपशील तयार नमुन्यात सापडणार नाहीत.

त्यापुढे 'व्हाय-व्हाय', म्हणजे वऱ्हाडीत 'काहून-काहून'. धागा रुईत आला. काहून? गोणीचे तोंड फाटले. काहून? हमालाने विळ्याने कापले. काहून? शिलाई प्लास्टिक दोऱ्याची, ओढून तुटत नाही, आणि मागे गाडी उभी. गोणीच काहून? खताची रिकामी गोणी घरात फुकट असते, सुती बारदाना विकत घ्यावा लागतो. चौथा प्रश्न मंडळाच्या हाताबाहेरचा, 'सी' वर्गाचा आहे. तो कागदावर लिहून मालकाकडे द्यावा. मंडळाने तिसऱ्यावर काम करावे.

उपाय साधा असतो. शिलाई कापायची नाही, एका टोकाने सोडवायची. निघालेला दोरा खिशात किंवा जमिनीवर न टाकता खांबाला अडकवलेल्या डब्यात टाकायचा. गोणी थेट गंजीवर रिकामी न करता मोकळ्या फरशीवर उलटायची. रिकामी गोणी झटकायची ती कापसापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

इथेच नववी पायरी, विरोधाचा विचार, उपयोगी पडते. हमालांची मजुरी क्विंटलमागे असते. शिलाई सोडवण्यात त्यांचा वेळ जातो, म्हणजे पैसे जातात. नुसती सूचना लावली तर पहिले दोन दिवस ती पाळली जाते आणि आवक वाढली की विळा परत येतो. म्हणून शिलाई सोडवायला वेगळे माणूस द्यावे, हमालाने फक्त वाहावे. चाचणी कापूस उतरवण्याच्या एकाच जागेवर आठवडाभर घ्यावी आणि दुसरी जागा जुन्याच पद्धतीने चालू द्यावी. दोन्हीकडे एकाच पुठ्ठ्याच्या पद्धतीने मोजले, की घट उपायामुळे झाली की त्या आठवड्यात कापूसच स्वच्छ आला, हे वेगळे करता येते.

ओलाव्याची मोजणी हा दुसरा हमखास विषय. शासकीय खरेदीत 8 टक्के ओलावा आधार धरतात, 12 टक्क्यांपर्यंत भाव कापून घेतात आणि त्यापुढे माल परत जातो. त्यामुळे मीटरचा एक टोच शेतकऱ्याचा भाव ठरवतो. मीटर फक्त गाडीच्या वरच्या थरात खुपसला तर उन्हाने सुकलेला कापूस मोजला जातो आणि खालचा ओला राहून जातो. पहाटे आलेल्या गाडीत नेमके उलट होते. वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी आणि तिन्ही आकडे शेतकऱ्यासमोर लिहावेत. काट्यावरची वादावादी यानेच कमी होते. जास्त कोरडी रुई दाबताना पाण्याचा फवारा थेट मारणे मात्र घातक. बाहेरचा थर ओला राहतो, गाठीच्या आत बुरशी धरते आणि रुई पिवळी पडते.

राइस मिलमधील काम

पूर्व विदर्भात विषय तुकड्याचा, म्हणजे भरडताना मोडलेल्या तांदळाचा, असतो. शासकीय भरडाईत 100 किलो धानाला 67 किलो कच्चा (न उकडलेला) तांदूळ द्यावा लागतो, त्यामुळे प्रत्येक टक्का जाणवतो. नमुना 100 ग्रॅमचा घ्यावा. अख्ख्या दाण्याच्या तीन-चतुर्थांशाहून लहान दाणा तुकडा धरावा आणि तो वजनाने मोजावा. तुकडा वाढला की सगळे हलर किंवा पॉलिशरकडे बोट दाखवतात. बरेचदा दोष आधीच धानात असतो : कडक उन्हात झपाट्याने सुकवलेल्या किंवा सुकून पुन्हा भिजलेल्या धानाच्या दाण्याला आत चीर पडते आणि यंत्र ती फक्त उघडी करते. म्हणून भरडण्याआधी मूठभर धान हाताने सोलून चिरलेले दाणे मोजावेत. ती नोंद नसेल तर धान सोलणारे रबर रोल बदलण्यावर खर्च होतो आणि तुकडा तसाच राहतो.

कुठे बिघडते

सर्वांत मोठा दोष उलट्या केसचा. उपाय आधीच झालेला असतो, अधिवेशनाची तारीख जवळ आली की त्यामागे कारणे, आकृत्या आणि आकडे रचले जातात. अनुभवी परीक्षक स्लाइड बाजूला ठेवून मूळ तपासणी-पुठ्ठा मागतात. धुळीने मळलेला, वेगवेगळ्या हातांनी रेघा मारलेला कागद लगेच ओळखू येतो. शाखेने अशा कागदाला सजवलेल्या सादरीकरणापेक्षा जास्त गुण द्यावेत. रुपयांतली बचत फुगवणे हे याचेच भावंड आहे. एका आठवड्याची बचत 52 ने गुणून वार्षिक आकडा काढतात, आणि जिन तर वर्षात चार-सहा महिनेच चालते.

दुसरा दोष सदस्यत्वाचा. मंडळात फिटर, ऑपरेटर, सुपरवायझर असतात. कापूस निवडणाऱ्या बाया ठेकेदाराच्या मजूर म्हणून बाहेर राहतात, आणि कोणत्या गावच्या कापसात काय निघते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्यांना घेतल्याशिवाय वरचा पुठ्ठा भरतच नाही. यांतल्या बऱ्याच जणी बचत गटात असतात. वर्तुळात बसणे, हजेरी, इतिवृत्त, पाळीने बोलणे हे त्यांना नवे नसते. लिहिता न येणाऱ्या सदस्यासाठी चिन्हांचा पुठ्ठा पुरेसा आहे. बैठकीच्या तासाची मजुरी मात्र द्यावीच लागते. पाळी सुटल्यावर फुकट थांबवलेल्या बाईचे लक्ष घरी जाणाऱ्या ऑटोकडे असते, आणि ते रास्त आहे.

बैठकीचा वारही जपून ठरवावा. बाजाराच्या दिवशी चुकारा (मजुरीचे पैसे) मिळतो आणि माणसे लवकर निघतात, म्हणून त्या दिवशी बैठक ठेवली की ती बुडतेच. अंतराचाही प्रश्न आहे. हिंगणघाटहून नागपूरला जाऊन त्याच दिवशी परतता येते. गडचिरोली किंवा गोंदियाहून अंतर त्याच्या जवळपास दुप्पट, आणि मुक्कामाचा खर्च लहान मिलला झेपत नाही. तालुक्याच्या ठिकाणी पाच-सहा मिलनी मिळून प्रशिक्षक बोलावणे जास्त परवडते. वर्ग चालू मिलमध्येच घ्यावा, सभागृहात घेऊ नये.

मोसम संपल्यावर सगळे पुठ्ठे, रजिस्टर आणि चाचणीचे नमुने एका पेटीत बांधून ऑफिसच्या माळ्यावर ठेवावेत. सरकीच्या गोदामात उंदीर ते महिन्याभरात कुरतडतात. दसऱ्याआधी यंत्राची जुळवणी सुरू होते तेव्हा पहिली बैठक नव्या विषयावर घेऊ नये. पेटी उघडून मागचा पुठ्ठा नव्या-जुन्या सदस्यांसमोर वाचावा, गोणी सोडवण्याचे माणूस यंदा कोण हे नावानिशी ठरवावे आणि पहिल्या गाडीपासून रेघा मारायला घ्याव्यात.