टोन मशीनने निवडला, मग पेटंट नक्की कशाचं?

समजा पेटंटचे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे एक्झामिनरच्या, टेबलावर अर्ज आलाय. अर्जदार म्हणतो, तुम्ही कीबोर्डवर थोडंसं वाजवा, आमचं मशीन लर्निंगचं मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेला प्रोग्रॅम, ते ऐकेल आणि शेकडो टोनमधून त्या वाजवण्याला शोभेल असा टोन लावून देईल. आता एक्झामिनरने बघायचं काय? बऱ्याच जणांना वाटतं की टोन छान निवडला जातोय का ते बघायचं, पण छान ही आवड झाली आणि आवडीवर पेटंट मिळत नाही, त्यामुळे तिथे तो फार थांबतच नाही.

आधी टोन म्हणजे काय ते बघू, कारण सगळं त्यावरच अडतं. आपल्याकडे संगीत शिकताना नादाचे तीन गुण सांगतात, उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. तोच स्वर तेवढ्याच जोरात बासरीवर आणि व्हायोलिनवर वाजवला तरी डोळे मिटून फरक कळतो, ती नादाची जात, कीबोर्डवाले तिलाच टोन म्हणतात. 440 हर्ट्झचा स्वर वाजतो तेव्हा त्यासोबत 880, 1320, 1760 असे वरचे स्वरांशही वाजतात आणि कोणता किती जोरात आहे यावर टोन ठरतो, हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1863 सालीच सविस्तर मांडलं होतं. पण एवढ्याने भागत नाही. पियानोचं रेकॉर्डिंग उलटं वाजवून बघा, स्वरांश तेच असतात पण ऐकायला हार्मोनियमच्या जवळचं काहीतरी येतं, कारण सुरुवातीचा तो ठक्क आघात शेवटी गेलेला असतो. म्हणजे स्वर कसा सुरू होतो आणि कसा विरतो हाही टोनचाच भाग. 1977 मध्ये जॉन ग्रे या संशोधकाने 16 वाद्यस्वर लोकांना जोडीजोडीने ऐकवले, ते एकमेकांसारखे किती वाटतात ते विचारलं आणि उत्तरांवरून त्या स्वरांचा तीन मितींचा नकाशाच काढला. मला हे फार सुंदर वाटतं, कानाला जे नुसतं जाणवतं ते आकड्यांत आलं, आणि आकड्यांत आलं की मशीनला देता येतं.

आता कायदा. युरोपियन पेटंट कन्व्हेन्शन या युरोपातल्या देशांच्या पेटंट कराराच्या कलम 52 मध्ये गणिती पद्धती, कलात्मक निर्मिती आणि कॉम्प्युटर प्रोग्रॅम, नुसते तेवढेच असतील तर, शोध धरले जात नाहीत. आपला अर्ज तर या तिन्हींच्या कडेवर उभा! वाट आहे, पण ती तांत्रिक कामातून जाते. युरोपच्या पेटंट ऑफिसच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हृदयाचे अनियमित ठोके ओळखणाऱ्या यंत्रातलं न्यूरल नेटवर्क (मशीन लर्निंगच्या मॉडेलचाच एक प्रकार) तांत्रिक मानलंय, मजकूर वाचून कागदपत्रांचं नुसतं वर्गीकरण करणारं मानलेलं नाही. अमेरिकेत सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या अ‍ॅलिस निकालापासून अमूर्त कल्पना कॉम्प्युटरवर चालवली एवढ्याने काम होत नाही, आणि एप्रिल 2025 मध्ये रिसेंटिव्ह विरुद्ध फॉक्स या केसमध्ये फेडरल सर्किट या पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टाने सांगितलं की नेहमीचं मशीन लर्निंग नव्या क्षेत्रातल्या डेटाला लावलं आणि मॉडेलमध्ये काही सुधारणा दाखवली नाही तर ते पेटंटयोग्य नाही. ब्रिटनमध्ये तर ऐकणाऱ्याला गाणी सुचवणाऱ्या न्यूरल नेटवर्कवरूनच वाद झाला, हायकोर्टाने 2023 मध्ये अर्जदाराच्या बाजूने निकाल दिला, अपील कोर्टाने 2024 मध्ये तो फिरवला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

पण मला सगळ्यात आवडतं ते जपानच्या पेटंट ऑफिसने दिलेलं एक उदाहरण, संगीताशी त्याचा काही संबंध नाही तरी. धरणाची वीजनिर्मिती किती होईल याचा अंदाज आधीपासून नदीवरचा पाऊस, पाण्याचा प्रवाह असल्या माहितीवरून साध्या गणिताने काढत होते. कोणी त्या गणिताच्या जागी न्यूरल नेटवर्क बसवलं, तर ऑफिस म्हणतं यात इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही, हे कोणत्याही जाणकाराला सुचलं असतं. पण नदीच्या वरच्या भागातलं तापमानही त्यात घातलं तर? तर आहे, कारण तापमानावरून वितळणाऱ्या बर्फाचं पाणी कळतं आणि हे आधी कोणी धरलेलं नव्हतं.

मग टोनच्या अर्जात हे बर्फाचं पाणी कुठेय? अर्जदार म्हणेल आम्ही स्वरांशांसोबत सुरुवातीचा आघातही मोजतो. एक्झामिनर म्हणणार, ते तर कित्येक दशकांपासून माहीत आहे, आणि तो बरोबर असेल. इलेक्ट्रॉनिक वाद्यांची पेटंटं जी10एच या वर्गात येतात, तिथे वाद्यांतल्या न्यूरल नेटवर्कसाठी वेगळा उपवर्गसुद्धा आहे, त्यामुळे जुनं काम शोधायला त्याला लांब जावं लागत नाही. पण समजा अर्जदार खोलीतला आवाज किती वेळ घुमतो ते माइकने मोजतो, वाजवणाऱ्याचे स्वर किती पटापट येतायत ते मोजतो, आणि दोन्ही मिळून असा टोन निवडतो की ज्याची शेपटी, म्हणजे शेवटी विरत जाणारा आवाज, पुढच्या स्वरावर चढणार नाही. हे आधी कोणी केलेलं नसेल तर इथे बोलण्यासारखं काहीतरी आहे, कारण स्वर स्पष्ट ऐकू येणं मोजता येतं, ती नुसती आवड नाही.

दुसरी अडचण ट्रेनिंगच्या डेटाची, म्हणजे मॉडेलला ज्या उदाहरणांवर शिकवलं त्यांची, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. जॉन चाउनिंग यांना 1967 मध्ये स्टॅनफर्डला एफएम सिंथेसिस सापडलं, 1977 मध्ये त्याचं पेटंट मिळालं, यामाहाने लायसन्स त्याआधीच घेतलं होतं, आणि 1983 मध्ये त्यांचा डीएक्स7 हा कीबोर्ड आला. त्या पद्धतीत एका लहरीने दुसरीची फ्रिक्वेन्सी हलवायची, किती हलवायची ते आकडे द्यायचे, की जाणकार माणूस घरी बसून तो टोन काढू शकतो. पेटंटचा सौदाच हा आहे, साधारण 20 वर्षांचा हक्क घ्या आणि बदल्यात कृती सगळी उघड करा. मशीन लर्निंगमध्ये कृतीचा मोठा भाग डेटात असतो. युरोपच्या पेटंट ऑफिसच्या अपील बोर्डाने 2020 मध्ये रक्तदाबावरून हृदयाचं काम मोजणाऱ्या न्यूरल नेटवर्कचा एक अर्ज याच मुद्द्यावर नाकारला, ट्रेनिंगला कोणता डेटा योग्य हे सांगितलंच नव्हतं. जपानच्या उदाहरणांमध्ये तर शेतकऱ्याच्या चेहऱ्याच्या फोटोवरून त्याच्या भाजीचा गोडवा सांगणारी सिस्टिम आहे, आणि ऑफिस म्हणतं चेहरा आणि गोडवा यांचा संबंध तुम्ही दाखवलेलाच नाही.

म्हणून 'वाजवण्याला शोभेल असा टोन निवडणारं मॉडेल' या क्लेमने, म्हणजे हक्क नेमका कशावर मागतोय ते सांगणाऱ्या वाक्याने, सुरू झालेला अर्ज, एक्झामिनरच्या पत्रांना दोन-तीनदा उत्तरं देऊन झाली की, मिळालाच तर असा काहीतरी उरतो: माइकवरून घुमण्याचा काळ मोजणारा भाग, स्वरांमधलं अंतर मोजणारा भाग, अमुक रेकॉर्डिंगवर अमुक पद्धतीने ट्रेन केलेलं नेटवर्क, आणि त्याच्या उत्तरावरून टोनची शेपटी आखूड करणारा सर्किटचा भाग. 'शोभेल' हा शब्द तोवर क्लेममधून गेलेला असतो.