सॉकेट प्रोग्रॅमची पार्श्वभूमी: जर्नलमधल्या त्या ओळी आल्या कुठून?

सांगली-इस्लामपूरकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत नेटवर्कच्या प्रॅक्टिकलला क्लायंट-सर्व्हरचा प्रोग्रॅम हमखास असतो. दोन टर्मिनल उघडायची, एकात सर्व्हर चालवायचा, दुसऱ्यात क्लायंट. हौशी पोरं त्यात मार्केट यार्डही आणतात: क्लायंटनं ‘हळद’ पाठवायचं, सर्व्हरनं दर सांगायचा. सॉकेट म्हणजे प्रोग्रॅमनं नेटवर्कशी बोलायचं टोक. सर्व्हरला सॉकेट, बाइंड, लिसन, अ‍ॅक्सेप्ट आणि क्लायंटला नुसतं सॉकेट, कनेक्ट हा क्रम सगळ्यांचा पाठ असतो. तो तसाच का, हे एक्स्टर्नल सहसा विचारत नाहीत.

१ जानेवारी १९८३ ला इंटरनेटचं मूळ जाळं असलेल्या अर्पानेटनं जुना एनसीपी हा प्रोटोकॉल (यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे नियम) सोडून टीसीपी/आयपी स्वीकारला. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी त्याची मूळ कल्पना १९७४ मध्येच मांडली होती. प्रश्न उरला होता तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा: त्यानं या जाळ्याला हात घालायचा कुठून? अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पाचा पैसा तेव्हा बर्कली विद्यापीठाला युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी मिळत होता. बीबीएन कंपनीनं टीसीपी/आयपीचा कोड लिहून दिला होता. बिल जॉय यांनी त्याची बरीच उलथापालथ करून तो बर्कली युनिक्समध्ये बसवला. ऑगस्ट १९८३ मध्ये त्याची ४.२ बीएसडी ही आवृत्ती बाहेर पडली आणि आज आपण लिहितो ते सॉकेटचे कॉल त्यातून सगळीकडे पोचले.

युनिक्समध्ये फाइल उघडली की एक छोटा आकडा हाती येतो आणि वाचणं-लिहिणं त्याच्यावरच चालतं. सॉकेटही तसाच आकडा देतं, म्हणून रीड आणि राइट इथंही चालतात. पण फाइल वाट बघत बसत नाही, सर्व्हर बसतो. त्यासाठी लिसन आणि अ‍ॅक्सेप्ट वेगळे काढावे लागले. अडत दुकानाच्या दारातला माणूस दारातच राहतो आणि आलेल्या शेतकऱ्याला आतल्या माणसाच्या हवाली करतो. अ‍ॅक्सेप्ट दर वेळी नवा आकडा देतो तो याचसाठी. ओरलला पोरं अडकतात ती बहुतेक इथंच.

सॉकेटच्या कॉलमध्ये तिसरी जागा शून्य असते, तिच्याकडे कुणी बघतही नाही. बर्कलीवाल्यांना टीसीपी/आयपीच टिकेल याची खात्री नव्हती, झेरॉक्सचे प्रोटोकॉलही त्यांना चालवायचे होते. म्हणून कुटुंब, प्रकार आणि प्रोटोकॉल अशा तीन जागा ठेवल्या. पत्त्याच्या स्ट्रक्चरवर करावा लागणारा तो कुरूप कास्टही (एका प्रकाराचा पॉइंटर दुसऱ्या प्रकाराचा म्हणून देणं) त्याच काळातला: सी भाषेचं एएनएसआय प्रमाण १९८९ मध्ये आलं, तोवर कुठल्याही प्रकाराला चालणाऱ्या व्हॉइड पॉइंटरवर भिस्त ठेवता येत नव्हती.

पोर्टचा, म्हणजे यंत्रावरच्या सेवेच्या दाराचा, आकडा नेटवर्कच्या क्रमात लावणाऱ्या एचटॉन्सची गंमत मात्र बघण्यासारखी आहे. बर्कलीचं व्हॅक्स यंत्र आकड्याचा लहान बाइट आधी ठेवायचं, नेटवर्कवर मोठा बाइट आधी जातो. आपल्या लॅबमधली इंटेलची यंत्रंही व्हॅक्ससारखीच. एचटॉन्स विसरून ८०८० लिहा, सर्व्हर ३६८९५ वर जाऊन बसेल. क्लायंटही तेच विसरला असेल तर दोघांची गाठ पडते, आउटपुट बरोबर येतं आणि मार्कही मिळतात!

पोर्टच्या आकड्यांतही जुन्या खुणा आहेत. एनसीपीत एक जोडणी एकाच दिशेनं चाले, म्हणून सम-विषम अशी जोडी लागे. टीसीपी दोन्हीकडून बोलतो, तेव्हा जोडीतला एक आकडा रिकामा पडला. फाइली पाठवणारा एफटीपी २१, दूरच्या यंत्रावर लॉगिन करणारा टेलनेट २३, ईमेलचा एसएमटीपी २५ हे सगळे विषम का, याचं उत्तर तिथं आहे.

पुढं १९९० च्या दशकात विनसॉकनं हेच कॉल विंडोजवर नेले, पायथॉननंही नावं तीच ठेवली. आयपीच्या नव्या आवृत्तीच्या, आयपीव्ही६ च्या मोठ्या पत्त्यांसाठी मात्र नावावरून पत्ता शोधणारा गेटअ‍ॅडरइन्फो हा नवा कॉल आणावा लागला. त्याच कामाचं जुनं गेटहोस्टबायनेम पोझिक्स या युनिक्सच्या प्रमाणानं २००८ च्या आवृत्तीत काढून टाकलं, तरी वर्षानुवर्षं उतरवल्या जाणाऱ्या जर्नलांत ते अजून दिसतं. नव्यानं लिहिणाऱ्यानं तेवढी एक ओळ तरी बदलून घ्यावी.