व्यावहारिक परिचारिका ते नोंदणीकृत परिचारिका : सेतू अभ्यासक्रम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परिचर्येच्या परवान्याच्या दोन पायऱ्या आहेत. खालची पायरी परवानाधारक व्यावहारिक परिचारिकेची. तिला तेथे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, संक्षेपाने एल.पी.एन. म्हणतात, टेक्सास व कॅलिफोर्निया या दोन राज्यांत तिचेच नाव लायसन्स्ड व्होकेशनल नर्स असे आहे. वरची पायरी नोंदणीकृत परिचारिकेची, म्हणजे आर.एन.ची. पहिला परवाना घेऊन कामाला लागायचे आणि पुढे त्याच शिक्षणाचे श्रेयांक जमेस धरून दुसरा मिळवायचा, यासाठी जे शिक्षणक्रम आखले गेले त्यांना सेतू अभ्यासक्रम म्हणतात. नावातील ‘व्यावहारिक’ हा शब्द मराठीत फसवा ठरतो. व्यवहारज्ञानाशी त्याचा संबंध नाही. रुग्णाशेजारी उभे राहून हातांनी करावयाची शुश्रूषा एवढाच त्याचा मूळ अर्थ.

उगम : अमेरिकेत परिचारिकांच्या प्रशिक्षणशाळा १८७३ मध्ये न्यूयॉर्क (बेलव्ह्यू रुग्णालय), न्यू हेवन व बॉस्टन येथे सुरू झाल्या. या शाळांतून उत्तीर्ण झालेल्या बहुतेक परिचारिका श्रीमंत कुटुंबांत खासगी सेवा करीत. बाळंतीण, जुनाट आजाराचा रुग्ण किंवा अंथरुणाला खिळलेला वृद्ध यांच्यासाठी सामान्य कुटुंबाला परवडेल अशी, थोडे प्रशिक्षण घेतलेली बाई हवी असे. या गरजेतून अल्पमुदतीचे वर्ग निघाले आणि त्यांतून बाहेर पडणारीला प्रथम ‘अटेंडंट’ म्हणत.

पहिला वर्ग कोणता, याविषयी संदर्भग्रंथांत एकमत नाही. काही ग्रंथ १८९२ मध्ये ब्रुकलिन येथील यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशनने (वाय.डब्ल्यू.सी.ए.) चालविलेल्या वर्गाला हा मान देतात आणि ल्युसिंडा बॅलार्ड यांच्या देणगीतून उभी राहिलेली बॅलार्ड शाळा १८९३ ची मानतात. इतर काही ग्रंथांत बॅलार्ड शाळाच पहिली असून तिचे वर्ष १८९२ दिलेले आढळते. या गोंधळाचे एक कारण स्थलनामात असावे. ब्रुकलिन हे १८९८ च्या प्रारंभापर्यंत स्वतंत्र शहर होते. ते न्यूयॉर्क शहरात विलीन झाल्यावर लिहिणाऱ्यांनी दोन्ही शहरांच्या दोन वेगळ्या संघटनांना सरसकट ‘न्यूयॉर्कची संघटना’ म्हटले आणि दोन आरंभ एकमेकांत मिसळले. ब्रुकलिनचा वर्ग आधीचा आणि शाळा म्हणून स्थिर झालेली पहिली संस्था बॅलार्ड, अशी विभागणी अधिक सयुक्तिक वाटते; तथापि १८९० च्या दशकाचा आरंभ यापलीकडे नेमकेपणा न आणणे बरे. अभ्यासक्रम सुमारे तीन महिन्यांचा होता. त्यात तान्ह्या मुलांची, वृद्धांची व अपंगांची घरगुती शुश्रूषा, आहार व स्वयंपाक आणि थोडे मूलभूत शास्त्र यांचा समावेश असे. बॅलार्ड शाळा १९४९ मध्ये बंद झाली. दरम्यान व्हर्मांटमधील ब्रॅटलबरो (१९०७) व बॉस्टन (१९१८) येथे तशाच शाळा निघाल्या होत्या. व्यवसायशिक्षणाला केंद्रीय निधी देणारा स्मिथ-ह्यूज कायदा १९१७ मध्ये झाल्यावर, १९१९ मध्ये मिनीॲपोलिस येथे सार्वजनिक व्यवसायशाळेत हा अभ्यासक्रम प्रथम आला.

परवाना व त्याने आखलेली रेषा : सेतूची गरज का पडली हे कायद्याचा इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही. नोंदणीकृत परिचारिकांचा अमेरिकेतील पहिला कायदा १९०३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याने केला. व्यावहारिक परिचारिकांसाठी असा पहिला कायदा मिसिसिपी राज्याचा (१९१४) असे बहुतेक ग्रंथांत म्हटले आहे. परंतु आरंभीचे कायदे केवळ पदनामाचे रक्षण करीत. परवाना नसलेली बाई ‘आर.एन.’ ही अक्षरे लावू शकत नसे, मात्र पैसे घेऊन शुश्रूषा करायला तिला कोणी अडवीत नसे. प्रत्यक्ष व्यवसायालाच परवाना सक्तीचा करणारा आणि त्यात दोन दर्जे स्पष्टपणे सांगणारा कायदा न्यूयॉर्क राज्याने १९३८ मध्ये संमत केला. युद्धकाळातील परिचारिकांच्या टंचाईमुळे त्याची अंमलबजावणी लांबत गेली आणि तो १९४० च्या दशकाच्या अखेरीस पूर्णपणे लागू झाला. १९५५ पर्यंत सर्व राज्यांत व्यावहारिक परिचारिकांच्या परवान्याची तरतूद झाली होती.

पदनामाचे कायदे होते तोवर अनुभवी अटेंडंट आणि पदविकाधारक परिचारिका यांच्यातील सीमा पुसट होती. व्यवसायाचे कायदे आल्यावर ती पक्की झाली. दोन्ही दर्जांची शाळा वेगळी, परीक्षा वेगळी, कामाची कक्षा वेगळी. दहा वर्षे वॉर्डात काढलेल्या व्यावहारिक परिचारिकेला आर.एन. व्हायचे असेल, तर अंथरूण घालणे, नाडी मोजणे इथपासून सारे पुन्हा शिकावे लागे.

शिडीचा वाद : परिचर्येत दोन दर्जे असावेत, ही कल्पना वरून आलेली होती. जोसेफीन गोल्डमार्क यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिचर्या शिक्षणावरील १९२३ च्या अहवालानेच कायद्याने निश्चित केलेल्या दुय्यम श्रेणीची शिफारस केली. त्या श्रेणीतून वर कसे यायचे, याचा विचार मात्र पुढे पुष्कळ काळ झाला नाही. मिल्ड्रेड मोंटॅग यांनी १९५१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात सादर केलेल्या प्रबंधात कम्युनिटी कॉलेजातील, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयातील, परिचर्या शिक्षणाची योजना मांडली आणि १९५२ पासून तिचे प्रयोग सुरू झाले. मोंटॅग यांच्या मते ही तंत्रज्ञ परिचारिका हा एक पूर्ण, स्वतंत्र दर्जा होता. वर जाण्याची मधली पायरी म्हणून त्यांनी तो योजिला नव्हता. प्रत्यक्षात या दोन वर्षांच्या पदवीधारकांना आर.एन.च्या परीक्षेला बसू देण्यात आले आणि व्यावहारिक परिचारिकेला आवाक्यात असलेले महाविद्यालयीन दार त्यातूनच उघडले. आजचे बहुसंख्य सेतू अभ्यासक्रम याच कम्युनिटी कॉलेजांत चालतात.

अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९६५ च्या आपल्या निवेदनात उलट दिशा धरली. व्यावसायिक परिचारिकेसाठी चार वर्षांची पदवी, तंत्रज्ञ परिचारिकेसाठी दोन वर्षांची आणि व्यावहारिक परिचर्येचे अभ्यासक्रम क्रमाने मोडीत काढून त्यांच्या जागी दोन वर्षांचे अभ्यासक्रम, अशी तिची भूमिका होती. त्याच दशकात गरीब वस्त्यांतील लोकांना नोकरीत राहून वर चढता यावे, हा ‘करिअर लॅडर’चा विचार जोर धरत होता. न्यूयॉर्क महापालिकेच्या रुग्णालयांतील साहाय्यकांना कामगार संघटनेच्या पुढाकाराने व्यावहारिक परिचारिका बनविण्याचा उपक्रम त्यातलाच. नॅशनल लीग फॉर नर्सिंग या परिचर्या शिक्षणाशी संबंधित संस्थेने १९७० मध्ये आधीच्या शिक्षणाला श्रेय देणाऱ्या खुल्या अभ्यासक्रमाला पाठिंबा दिला आणि सेतूंची संख्या वाढू लागली.

हा वाद केवळ शैक्षणिक नव्हता. वंशभेदामुळे अनेक परिचर्याशाळांची दारे कृष्णवर्णीय स्त्रियांना दीर्घकाळ बंद होती, आणि व्यावहारिक परिचर्येचे दार त्यांना तुलनेने लवकर उघडले. खालचा दर्जा तेथेच गोठवला, तर त्यात अडकणार कोण हे उघड होते. दर्जा राखण्याच्या नावाखाली सेतूला झालेल्या विरोधाचे मूल्यमापन करताना ही बाजू अनेक जुन्या इतिहासग्रंथांनी गाळली, हा त्यांतील मोठा दोष होय. नॉर्थ डकोटा राज्याने १९८७ पासून आर.एन.साठी चार वर्षांची व एल.पी.एन.साठी दोन वर्षांची पदवी सक्तीची केली होती. ती तरतूद २००३ मध्ये रद्द झाली.

रचना : व्यावहारिक परिचर्येचा अभ्यासक्रम साधारणपणे एक वर्षाचा, तर दोन वर्षांच्या पदवीतून आर.एन. होण्याचा मार्ग चार सत्रांचा असतो. सेतूत बहुधा पहिल्या वर्षाचे परिचर्येचे विषय माफ होतात. शरीररचना व शरीरक्रियाविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी लेखन हे विषय मात्र आधी पुरे करावे लागतात. नोकरी सांभाळून ते करणाऱ्यांची खरी दमछाक येथेच होते. ‘वर्षभराचा सेतू’ अशी जी जाहिरात असते, तीत हा काळ धरलेला नसतो. विज्ञानविषयांचे गुण ठराविक वर्षांनंतर ग्राह्य धरले जात नाहीत, असाही अनेक महाविद्यालयांचा नियम आहे. अनेक ठिकाणी माफीचे श्रेयांक लगेच देत नाहीत. ‘ट्रान्झिशन’ (संक्रमण) नावाचा एक विषय उत्तीर्ण होईपर्यंत ते राखून ठेवतात. चार वर्षांच्या पदवीकडे थेट नेणारे सेतूही आहेत, परंतु ते कमी.

संक्रमणाच्या या विषयात शिकवितात तरी काय, हा कळीचा मुद्दा आहे. इंजेक्शन, मलमपट्टी, मूत्रनलिका, औषधांच्या वेळा यांत अनुभवी व्यावहारिक परिचारिका नवख्या आर.एन.पेक्षा सहसा सरस असते. फरक निर्णयाच्या जबाबदारीत आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाचा श्वास मिनिटाला २८ वर गेला, प्राणवायूचे प्रमाण उतरू लागले, तर व्यावहारिक परिचारिकेने ते टिपून ताबडतोब कळवावे, अशी कायद्याची अपेक्षा असते. हे फुप्फुसात गेलेल्या गुठळीचे लक्षण की साचलेला कफ, याचा अंदाज बांधून पुढचे पाऊल ठरविणे, शुश्रूषेचा आराखडा बदलणे आणि वॉर्डातील चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जायचे हे सांगणे, ही आर.एन.ची जबाबदारी. पहिली तपासणी व आराखडा आर.एन.ने करावा, असा बहुतेक राज्यांचा दंडक आहे. शिरेतून थेट औषध देणे, रक्त चढविणे यांवरील बंधने राज्यागणिक बदलतात. सेतूमुळे वाढते ती कौशल्यांची यादी, असे काही लेखक मानतात. विचार करण्याची रीत बदलते, हे मत अधिक ग्राह्य दिसते. वर्षानुवर्षे ‘कळविणे’ हेच कर्तव्य मानलेल्या बाईला ‘ठरविणे’ अंगवळणी पाडावे लागते, आणि परीक्षेतही तिची चूक बहुधा तेथेच होते.

दोन्ही परवान्यांसाठी एन.क्लेक्स ही परीक्षा असते. १९९४ पासून ती संगणकावर घेतली जाते आणि आधीच्या उत्तरानुसार पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरते. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या स्वरूपात किमान ८५ व कमाल १५० प्रश्न असून वेळ पाच तासांची आहे. एका रुग्णाची माहिती टप्प्याटप्प्याने उलगडत निर्णयशक्ती जोखणारे प्रश्न त्यात आणले गेले.

व्यावहारिक परिचारिकांची संख्या सुमारे ६ लाख, तर आर.एन. ३० लाखांहून अधिक आहेत. मोठ्या रुग्णालयांतून एल.पी.एन.ची पदे घटत गेली असून आज त्या सर्वाधिक संख्येने नर्सिंग होममध्ये आढळतात. मराठीत आपण लहान खासगी इस्पितळाला नर्सिंग होम म्हणतो. अमेरिकेत ते वृद्धांच्या व दीर्घकाळ परावलंबी असलेल्यांच्या निवासाचे ठिकाण असते.

अन्य देश : ब्रिटनमध्ये १९४३ च्या कायद्याने ‘एनरोल्ड नर्स’ हा दुय्यम दर्जा निर्माण झाला, पुढे तो बंद करताना त्या परिचारिकांसाठी रूपांतर अभ्यासक्रम काढण्यात आले. कॅनडातील ऑंटारिओ प्रांतात २००५ पासून आर.एन.साठी पदवी आवश्यक झाल्याने तेथील सेतू अमेरिकेपेक्षा लांब आहे.

भारत : भारतातील ए.एन.एम. (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, साहाय्यक परिचारिका-प्रसाविका) म्हणजेच एल.पी.एन. असे समीकरण सर्रास मांडले जाते. ते अपुरे आहे. ए.एन.एम. अभ्यासक्रम १९५१ मध्ये पंजाबातील तरन तारन येथील सेंट मेरीज रुग्णालयात सुरू झाला. त्याचा रोख आरंभापासून प्रसूती, माता-बालसंगोपन व गावपातळीवरील आरोग्य यांवर होता. कर्तारसिंग समितीच्या १९७३ च्या अहवालानंतर ए.एन.एम.ला बहुउद्देशीय आरोग्यसेविकेचे रूप आले. महाराष्ट्रात उपकेंद्रावर एकटीने लसीकरण व प्रसूती सांभाळणारी ‘सिस्टर’ ती हीच. वॉर्डात आर.एन.च्या देखरेखीखाली काम करणाऱ्या अमेरिकन एल.पी.एन.शी तिच्या कामाचे साम्य थोडे.

नोंदणीकृत ए.एन.एम.ला जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) या पदविका अभ्यासक्रमात प्रवेश मिळू शकतो. परंतु ही केवळ पात्रता आहे. पूर्वशिक्षणाच्या बदल्यात मुदत कमी होत नाही, आणि बारावी होऊन आलेल्या मुलीबरोबर तिलाही सारी वर्षे काढावी लागतात. सेतू म्हणता येईल असा शिक्षणक्रम भारतात त्याच्या वरच्या टप्प्यावर आहे : जी.एन.एम. झालेल्या परिचारिकेसाठी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. महाराष्ट्रात तो नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत चालतो. मूळ बी.एस्सी.ची मुदत चार वर्षांची असल्याने येथे पूर्वशिक्षण खरोखर जमेस धरले जाते. मात्र जी.एन.एम. उत्तीर्ण होताच परिचारिकेची आर.एन. म्हणून नोंदणी झालेलीच असते, त्यामुळे या सेतूने शैक्षणिक अर्हता वाढते, परवान्याचा दर्जा तोच राहतो.