'बा'चा आत्मा कसा झाला

प्राचीन इजिप्तच्या मरणोत्तर कल्पनांवर मराठीत काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन परिच्छेदांत तो तक्ता येतोच: 'का' म्हणजे प्रतिरूप, 'बा' म्हणजे आत्मा, 'अख' म्हणजे तेजोमय आत्मा. हा तक्ता आपल्याकडे इंग्रजीतून आला. इंग्रजीत तो फ्रेंच आणि जर्मनमधून गेला होता, आणि त्या भाषांत तो बनला १९व्या शतकाच्या उत्तरार्धात. चित्रलिपी १८२२ मध्ये उलगडली, त्याला तेव्हा जेमतेम दोन-तीन पिढ्या झाल्या होत्या. शब्द वाचता येऊ लागले होते, पण कोणता शब्द कुठे कुठे येतो याचा हिशोब कोणी मांडलेला नव्हता.

हे शब्द ज्या मंत्रसंग्रहात भेटतात, त्याच्या नावापासूनच गोंधळ आहे. १८४२ मध्ये एका जर्मन अभ्यासकाने तुरिनमधली टॉलेमी (ग्रीक वंशाच्या राजांच्या) काळातली एक पपायरसची गुंडाळी छापली, तिच्यातल्या मंत्रांना १ ते १६५ क्रमांक दिले आणि वर नाव घातले 'मृतांचे पुस्तक'. ते क्रमांक आजही चालतात, नावही चालते. इजिप्शियन लेखनिक त्याला 'पेरेत एम हेरू' म्हणत, म्हणजे दिवसा बाहेर पडणे. मूळ नावात मरण नाही, ऊन आहे. आणि थडग्यातून दिवसा बाहेर पडतो कोण, तर बहुतेक वेळा बाच.

'का'चा प्रश्न त्या मानाने सोपा. लुक्सोरच्या मंदिरात तिसऱ्या आमेनहोतेपच्या जन्माचे चित्र आहे: ख्नूम देव कुंभाराच्या चाकावर दोन सारखी बाळे घडवतो आहे, एक राजा आणि एक त्याचा का. हे पाहून 'प्रतिरूप' सुचणे साहजिक आहे. पण सामान्य माणसाच्या थडग्यावर 'अमक्याच्या कासाठी' म्हणून भाकरी, बिअर, बैल, पक्षी मागितले जातात, आणि अन्नाला शब्दही त्यातूनच आलेला, 'काऊ'. तेव्हा यात जीवनशक्तीचा अर्थ मोठा आहे हे पुढे बहुतेकांनी मान्य केले. अख ही तर मरणानंतर मंत्र आणि विधी नीट पार पडले तरच गाठायची अवस्था, सगळ्यांना आपोआप मिळणारी नव्हे.

खरा वाद बाचा. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इ.स.पू. ५व्या शतकात लिहून ठेवले होते की मानवी आत्मा अमर आहे हे पहिल्यांदा इजिप्शियनांनी सांगितले, आणि तो प्राण्यापक्ष्यांच्या देहांतून फिरत ३,००० वर्षांनी पुन्हा माणसात येतो. इजिप्शियन मजकुरात अशी फेरी कुठेच नाही. मृताला ससाणा, पाकोळी, कमळ होता यावे म्हणून मंत्र आहेत, त्यातूनच बहुधा ही समजूत निघाली. पुढे इ.स. ५व्या शतकाच्या सुमाराचा एक ग्रीक ग्रंथ 'बाई' हा इजिप्शियन शब्द म्हणजे आत्मा असे स्पष्ट सांगतो. १९व्या शतकातल्या विद्वानांना प्रतिशब्द असा तयारच मिळाला.

१९६८ मध्ये एका अभ्यासकाने फक्त बा या एका शब्दावर पुस्तक लिहून हा प्रतिशब्द नाकारला. त्याचे म्हणणे असे की बा हा माणसाचा एक भाग नव्हे. मेलेला माणूसच संपूर्णपणे बाच्या रूपात वावरतो. देहाच्या पिंजऱ्यातून सुटलेला अमूर्त आत्मा ही ग्रीक आणि पुढे ख्रिस्ती मांडणी आहे. त्याचा एक पुरावा मला अजूनही बिनतोड वाटतो. बायबलचे कॉप्टिक भाषांतर करणाऱ्यांची भाषा म्हणजे इजिप्शियनचेच शेवटचे रूप. त्यांनी देवाला 'नूते' हा आपला जुना शब्द ठेवला, सत्याला 'मे' म्हणजे जुनाच 'मात' हा शब्द ठेवला, मृतलोकाला 'अमेन्ते' म्हणजे पश्चिम दिशा ठेवली. आत्म्यासाठी मात्र ग्रीकांचा 'प्सुखे' उचलला. घरचा शब्द चालण्यासारखा असता तर त्यांनी तो का टाकला असता?

विरोधकांचा मुद्दाही आहेच. रोमन काळातल्या ममींच्या लाकडी पट्ट्यांवर डेमोटिक या उशिराच्या इजिप्शियन लिपीत 'त्याचा बा जिवंत राहो' असे वारंवार लिहिलेले असते, आणि तिथे 'आत्मा' वाचले तर फारसे बिघडत नाही. पण शेवटच्या काही शतकांची सवय आधीच्या २,००० वर्षांवर लादायची कशाला? देवांचेही बा असतात, नेखेनसारख्या नगरांचेही असतात. अनेकवचनी 'बाऊ' म्हणजे देवाची शक्ती किंवा कोप. देर अल-मदिना या थडगी खोदणाऱ्यांच्या वस्तीतल्या कारागिरांवर एखादे संकट आले की 'देवाचा बाऊ झाला' असे लिहिलेले सापडते.

प्रत्यक्ष चित्रे पाहिली की 'आत्मा' आणखी अडतो. आनी नावाच्या लेखनिकासाठी केलेल्या 'मृतांच्या पुस्तका'च्या गुंडाळीत ८९व्या मंत्राजवळ ममी पलंगावर आडवी आहे आणि तिच्यावर माणसाच्या तोंडाचा पक्षी पंख पसरून तरंगतो आहे. मंत्राची मागणी अशी की या बाला त्याच्या प्रेताशी पुन्हा जोडून द्या. इतर चित्रांत झाडातली देवी पाणी ओतते आणि बा ते पितो. ज्याला तहान लागते आणि ज्याला रात्री प्रेताकडे परतावे लागते, त्याला आत्मा म्हणताना इंग्रजी वाचक एकदाच फसतो, मराठी वाचक दोनदा. गीतेतल्या आत्म्याला शस्त्र तोडत नाही, पाणी भिजवत नाही. तो परत त्याच देहात येत नाही.

बर्लिनमधल्या एका पपायरसवर एक माणूस आपल्या बाशी वाद घालतो. १८९६ मध्ये तो छापला तेव्हा शीर्षकात 'जगण्याला विटलेला माणूस' आणि 'आत्मा' दोन्ही आले. वाचक धरून चालतो की आत्मा परलोकाकडे ओढणार. मजकुरात उलटेच आहे: माणूस मरणाची आणि नीट अंत्यविधीची भाषा करतो, आणि बा त्याला सांगतो, चिंता सोड, चांगला दिवस उपभोग.

असाच एक लहान शब्द 'मा-खेरू'. शब्दशः, ज्याचा आवाज खरा ठरला, मरणानंतरच्या न्यायसभेत जिंकलेला. जुन्या इंग्रजी भाषांतरांत तो 'विजयी' झाला, नंतर 'निर्दोष', आणि संग्रहालयांतल्या पाट्यांवर अनेकदा नुसता 'मृत'. आपल्या 'कै.'चे जे झाले तेच त्याचे झाले.

अलीकडचे भाषांतरकार का, बा, अख तसेच ठेवतात. मराठीत ते करावे तर वेगळीच अडचण आहे: का, बा, काऊ, बाऊ, चारही शब्द आपल्याकडे आधीच कामाला आहेत. 'का जेवतो' असे छापले की वाचक पुढे प्रश्नचिन्ह शोधतो. म्हणून निदान अवतरणचिन्हे तरी घालावी लागतात, आणि विभक्ती लागली की ती प्रत्ययाच्या आधी बंद करायची की नंतर, यावर मुद्रितशोधकाशी वाद होतो.