शेवटच्या स्टेशनापर्यंत जातं कोण?

‘लांब पल्ल्याच्या गाडीनं पहिल्यापासून शेवटच्या स्टेशनापर्यंत फार थोडे लोक जातात, बाकीचे विमानानं जातात, म्हणजे गाडी रिकामीच धावते’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. यातला पहिला भाग बऱ्याचदा खरा असतो, त्यामुळे पुढचंही पटतं. चूक आहे ती ‘म्हणजे’मध्ये.

थेट विमान दोन शहरं जोडतं. २० स्टेशनांवर थांबणारी गाडी मात्र १९० जोड्या जोडते (२० गुणिले १९, भागिले २). त्यात टोकापासून टोकापर्यंतची जोडी एकच. समजा, एका सीटवर सकाळी एक जण बसून चौथ्या स्टेशनावर उतरला, तिथून दुसरा अकराव्यापर्यंत गेला, मग तिसरा शेवटपर्यंत. पूर्ण प्रवास कुणीच केला नाही, तरी सीट सगळा वेळ भरलेली होती. शिवाय मधल्या कितीतरी गावांना विमानतळच नसतो, आणि माझ्या मते गाडीचं खरं मोल तिथेच आहे.

पडताळायचं असेल तर मधल्या मोठ्या स्टेशनावर किती जण उतरतात, किती चढतात ते मोजा. आकडेवारीत नुसती तिकिटं नकोत, ‘प्रवासी-किलोमीटर’ बघा: प्रत्येकानं कापलेल्या अंतराची बेरीज. तिला एकूण सीट गुणिले गाडीचं अंतर यानं भागलं, की गाडी किती भरली ते कळतं.