एका बलाचा टॉर्क आणि बलयुग्म: घोळ नेमका कुठे होतो

टॉर्क, म्हणजे बलाचा वस्तूला फिरवण्याचा परिणाम, सगळ्यांना येतो. बल गुणिले फिरण्याच्या बिंदूपासून बलरेषेपर्यंतचं (बल ज्या रेषेत लागतं ती रेषा) लंब अंतर, झालं. दार बिजागरीपासून लांब ढकललं की सहज फिरतं, इथपर्यंत कुणी अडत नाही. बलयुग्म आलं की मात्र बहुतेक जण 'दोन टॉर्कची बेरीज' म्हणून पुढे सरकतात. बेरजेने उत्तर बरोबर येतं, पण मुद्दा निसटतो.

बलयुग्म म्हणजे सारख्याच मापाची, समांतर, उलट दिशांची आणि एका रेषेत नसलेली दोन बलं. फ्रेंच गणितज्ञ लुई प्वाँसो यांनी १८०३ मध्ये ही कल्पना स्थितिशास्त्रात मांडली. अशा जोडीच्या जागी कुठलंही एकच बल ठेवून भागत नाही.

आता खरा फरक. एका बलाचा टॉर्क तुम्ही कुठल्या बिंदूभोवती मोजता यावर ठरतो, बलयुग्माचा ठरत नाही. १ मीटर लांबीची आडवी पट्टी घ्या. उजव्या टोकाला १० न्यूटन वर, डाव्या टोकाला १० न्यूटन खाली. मध्याभोवती: ५ अधिक ५, म्हणजे १० न्यूटन-मीटर. डाव्या टोकाभोवती: तिथल्या बलाचा शून्य, उजव्याचा १०. आता पट्टीच्या बाहेर, डाव्या टोकाच्याही २ मीटर डावीकडचा बिंदू घ्या: उजव्या बलाचे ३०, डाव्याचे उलट दिशेने २०, उरले १०च. डावं बल काढून टाकलंत तर हेच आकडे ५, १० आणि ३० होतात. हे गणित एकदा हाताने कराच, नुसतं वाचून पटत नाही.

म्हणून 'बलयुग्म कुठल्या बिंदूभोवती?' हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याचा टॉर्क म्हणजे एक बल गुणिले दोन रेषांमधलं पूर्ण लंब अंतर. दोन्ही बलांना पूर्ण अंतराने गुणून उत्तर दुप्पट करणं ही चूक मला सर्वांत जास्त खटकते.

याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. घर्षण नसलेल्या पृष्ठभागावर सुटी पट्टी स्थिर ठेवा आणि तिच्या एका टोकापाशीच छोटं बलयुग्म लावा. पट्टी त्या टोकाभोवती नाही, स्वतःच्या वस्तुमानकेंद्राभोवती (सगळं वस्तुमान जिथे एकवटलंय असं मानता येतं तो बिंदू) फिरते, आणि ते केंद्र जागचं हलत नाही. एकटं बल लावलं असतं तर केंद्रही सरकलं असतं.

चाकाचा नट खोलतानाही हेच दिसतं. ३० सेंमीच्या एका दांडीच्या पान्यावर २०० न्यूटन लावले की ६० न्यूटन-मीटर मिळतात, पण बोल्टला २०० न्यूटनचा आडवा रेटाही बसतो. फुलीच्या पान्यावर, दोन हातांमध्ये ४० सेंमी अंतर ठेवून, दोन्ही हातांनी उलट दिशांना १५०-१५० न्यूटन लावले तर टॉर्क तेवढाच आणि आडवा रेटा शून्य. मी फुलीचाच पाना घेईन.

बलयुग्माच्या टॉर्कचं एककही न्यूटन-मीटरच, दिशेचा नियमही एका बलाच्या टॉर्कचाच, त्यात अडकू नका.

समतोलाचं मात्र नीट बघा. 'बलांची बेरीज शून्य म्हणजे समतोल' हे वाक्य अर्धवट आहे: बलयुग्मात बेरीज शून्यच असते आणि वस्तू तरी फिरते. बलयुग्माला थोपवायला उलट बलयुग्मच लागतं. टेकूवरच्या तरफेतही तेच घडतं. डावीकडे ३० सेंमीवर २० न्यूटन, उजवीकडे २० सेंमीवर ३० न्यूटन, तरफेचं वजन सोडून द्या. टेकू ५० न्यूटन वर रेटतो. त्यातले २० डाव्या भाराशी जोडी करतात, ३० उजव्याशी, आणि ६-६ न्यूटन-मीटरची दोन बलयुग्मं एकमेकांना थोपवून धरतात.