कॉकपिटचं दार आणि मागची भांडणं

मे महिन्यातली दुपार, सांताक्रूझला विमान पुशबॅकसाठी (गाडीने मागे ढकलून बाहेर काढण्यासाठी) थांबलंय, एसी कमी पडतोय, मागच्या रांगेत कुणीतरी सेफ्टी कार्डाने वारा घेतंय आणि क्रू इंटरकॉमवर पुढे सांगते, "कॅप्टन, मागे गरम होतंय." एअरबस ए३२० विमानात टेम्परेचरचे तीन नॉब कॉकपिटच्या छताला असतात, एक कॉकपिटचा स्वतःचा, एक पुढच्या केबिनचा, एक मागच्या. म्हणजे मागच्याला काय होतंय ते पुढच्याने दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं आणि नॉब फिरवायचा. केबिनमधल्या प्रवाशांच्या भांडणांचंही असंच ऐकीव चालतं, सगळा घोळ तिथलाच आहे.

कागदावर कॅप्टनचा शब्द शेवटचा. विमानातल्या गुन्ह्यांवरच्या १९६३ च्या टोकियो करारात विमानाची बाहेरची दारं बंद झाल्यापासून पुन्हा उघडेपर्यंत त्याला प्रवाशाला आवरायचा, बांधून ठेवायचा, उतरवायचा अधिकार दिला, आपल्याकडे त्याचा कायदा १९७५ ला झाला. तो आंतरराष्ट्रीय फ्लाइटसाठी, देशातल्या देशात १९३७ चे विमान नियम. पण ९/११ नंतर कॉकपिटचं दार मजबूत झालं, उड्डाणात लॉक राहू लागलं, आणि पूर्वी केबिनमधून चक्कर मारून दोन शब्द बोलणारा कॅप्टन आतच अडकला.

मग २०१७. मार्चमध्ये आपल्याच राज्यातल्या एका खासदाराने दिल्लीत एअरलाइनच्या माणसाला चपलेने मारलं आणि सप्टेंबरात नो-फ्लाय लिस्टचे, म्हणजे गोंधळ घालणाऱ्या प्रवाशांवरच्या विमानबंदीचे, नियम आले. लेव्हल १ म्हणजे शिवीगाळ, हातवारे, दारू पिऊन तमाशा, ३ महिन्यांपर्यंत बंदी. लेव्हल २ धक्काबुक्की, नको तिथे हात लावणं, ६ महिन्यांपर्यंत. लेव्हल ३ जिवावर बेतणारं, किमान २ वर्षं. तक्रार कॅप्टनकडून यायची, निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या समितीने ३० दिवसांत निकाल द्यायचा, तोवर एअरलाइन तात्पुरती बंदी घालू शकेल, तीही ३० दिवसांपर्यंतच, असं ठरलं.

आणि 'अनरुली', म्हणजे बंदी घालण्याइतकं बेशिस्त वागणं, म्हणजे नक्की काय हे जिथे फाटलं ती फ्लाइट आपल्या मुंबईची, मुंबई-लखनौ, जानेवारी २०२०. एका कॉमेडियनने सहप्रवासी असलेल्या टीव्ही अँकरला सीटजवळ जाऊन प्रश्नांवर प्रश्न विचारले, व्हिडिओ टाकला, आणि एअरलाइनने थेट ६ महिने बंदी घातली, आणखी काही एअरलाइन्सही लगेच मागोमाग. समिती बसायच्या आधीच ६ महिने, जिथे नियम ३० दिवसांचा! त्यात त्या फ्लाइटच्या कॅप्टनने मॅनेजमेंटला लिहिलं की वागणं चांगलं नव्हतं पण सांगितल्यावर तो गप्प बसला, हे लेव्हल १ मध्येसुद्धा बसत नाही, आणि मला न विचारता निर्णय कसा घेतलात. नंतर समितीने लेव्हल १ धरून ३ महिने केले. तो माणूस आवडो न आवडो, उद्धट आणि अनरुली यात फरक आहे आणि तो ठरवायचा मान ज्याचा होता त्यालाच विचारलं नाही, हे मला तरी आजही पटत नाही.

आता याची उलटी बाजू बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली फ्लाइटमध्ये दारू प्यायलेल्या प्रवाशाने एका वयस्कर बाईंच्या अंगावर लघवी केली, प्रकरण जानेवारीत फुटलं, त्याला ४ महिने बंदी, एअरलाइनला ३० लाख दंड, आणि कॅप्टनचं लायसन्स ३ महिने सस्पेंड. वैमानिकांच्या संघटना चिडल्या. त्या बाईंना जे भोगावं लागलं त्याला तोड नाही, पण एकदा कॅप्टनचं मत बाजूला ठेवायचं आणि एकदा सगळं त्याच्याच गळ्यात मारायचं, हे कसं?

आणि वैमानिक दाराबाहेर आला तर? जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत उशिराची अनाउन्समेंट करायला केबिनमध्ये उभ्या राहिलेल्या वैमानिकालाच प्रवाशाने ठोसा मारला. त्याच रात्री गोव्याहून दिल्लीला निघालेली फ्लाइट धुक्यामुळे मुंबईला आली आणि तासन् तास वैतागलेले लोक खाली उतरून विमानाशेजारी ॲप्रनवरच (विमानं उभी करायच्या जागेत) जेवायला बसले. एअरलाइनला १.२० कोटी दंड झाला.